कोंडूजींची चपरास

तुळशीराम इंगोले गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीमच्या घरी गॅलरीत बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होतो. सकाळचे दहा वाजले असतील. फोन त्याच्या दुकानाशेजारच्या चहावाल्याचा होता. "साहेब, तुळशीरामभाऊ गेले. स्टुलावर बसल्या बसल्या गेले. ट्यूब पान्यात बुडवून बुडबुडे पाहून राह्यले होते... अन् खाली झुकले ते झुकलेच." मी "बरं" म्हणालो. अंत्ययात्रा किती वाजता निघणार, त्याच्या मुलीला आसेगावला कळवलं का, एवढं विचारून फोन ठेवला आणि शब्दकोड्यातला एक उभा शब्द भरला. हे मला नंतर बसमध्ये आठवलं आणि लाज वाटली. पस्तीस वर्षं भूमापनाच्या नोकरीत काढली. दोन भाऊ शेताच्या धुऱ्यावर एकमेकांच्या उरावर बसलेले असताना बाजूला उभं राहून शांतपणे आकडे लिहायची सवय हाताला लागली. ती सवय अशी नको तिथेही कामाला येते. मग शर्ट बदलला आणि मालेगावची बस धरली.

मालेगावात वाशीम रोडवर तुळशीरामचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, एक कॉम्प्रेसर, पाण्याचं घमेलं आणि गिऱ्हाइकाला बसायला ट्रॅक्टरचा जुना टायर. गाव त्याचं किन्हीराजा. तिथून रोज सकाळी मोटरसायकलवर यायचा, दिवेलागणीला परत जायचा. रस्त्याने जाणाऱ्यांना तो पंक्चरवाला म्हणून माहीत होता. गावात मात्र त्याची ओळख वेगळी होती. त्याच्या घरी एक टिनाची पेटी होती आणि त्या पेटीत त्याच्या पणज्याचा हिमालय होता.

आमची ओळख झाली ती भांडणातूनच. तीसेक वर्षांपूर्वी किन्हीराजात एका हद्दीची मोजणी लागली होती. मी साखळी टाकायला लावली, माणसांनी धरली, मी टिपण लिहायला लागलो. धुऱ्यावर बघ्यांची गर्दी होती, ती नेहमीच असते. त्या गर्दीतून एक काळासावळा, उंच माणूस पुढे आला आणि म्हणाला, "साहेब, तुमची साखळी ढिल्ली हाये. मधात झोल पडून राह्यला. त्याले म्हना, तानून धर." मला राग आला. सरकारी माणसाला त्याचं काम शिकवणारा गावोगाव एकतरी भेटतो. पण वाकून पाहिलं तर झोल खरंच होता. पुन्हा मोजलं, तर दीड हाताचा फरक निघाला आणि भांडण होतं ते नेमकं दीड हाताचंच. काम आटोपल्यावर मी त्याला विचारलं, "तू मोजणी कुठे शिकलास?" तो म्हणाला, "मी नाही शिकलो. माह्या पनज्यानं साखळी वढली. तिकडे, बरफात. चाला घरी, दाखोतो."

मी गेलो ते चहाच्या आशेने. पेटीबिटीची उत्सुकता वगैरे काही नव्हती. जुनी तलवार, राजाची सनद, पुरलेलं सोनं, असं सगळं मी नोकरीत पुष्कळ पाहिलं होतं, आणि त्यातलं पुष्कळसं मागच्या वर्षीच्या जत्रेत घेतलेलं असे. तुळशीरामने पेटी उघडली आणि एकेक वस्तू घोंगडीवर मांडली. पितळी ओळंबा. मोजणीच्या साखळीच्या तुटलेल्या नऊ कड्या. काळ्या काचांचा, दोन्ही बाजूंना चामडं शिवलेला चष्मा. उन्हात बर्फ पाहून डोळे जातात म्हणून तो लावायचा. पत्र्याचा एक मग, त्याचा कान तारेने बांधलेला. लोकरीचा एकच मोजा. आणि चपरास. पट्ट्यावर लावून छातीवर मिरवायचा हा पितळी बिल्ला. चपराशी हा शब्द त्याच्यावरूनच आला. हाताच्या तळव्याएवढी, लंबगोल, दोन्हीकडे पट्टा ओवायला फटी. त्या वस्तूंकडे पाहून मी चहा विसरलो. त्या जत्रेतल्या नव्हत्या, माझ्याच खात्याच्या पूर्वजांच्या होत्या.

हकिगत त्याने सांगितली ती एवढीच. इंग्रजांच्या काळात एक मोजणीसाहेब वऱ्हाडात होता. तुळशीरामचे पणजे कोंडूजी त्याच्याकडे खलाशी म्हणून लागले. मोजणीत साखळी ओढणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या माणसाला खलाशीच म्हणत. पुढे साहेबाची बदली उत्तरेकडे झाली आणि हिमालयापलीकडे, जिथला नकाशाच कुणाजवळ नव्हता, तिथे एक तुकडी घेऊन जायचं त्याने ठरवलं. त्याला हाताखालची सवयीची माणसं हवी होती, त्यांत कोंडूजी गेले. तीन उन्हाळे तिकडे होते. परत आले तेव्हा डाव्या पायाची दोन बोटं थंडीने गेलेली होती. आयुष्यभर लंगडत शेती केली. हे सगळं कोंडूजींनी मुलाला सांगितलं, त्या मुलाने म्हणजे तुळशीरामच्या आज्याने तुळशीरामला. मी सवयीप्रमाणे उलटसुलट विचारलं. साहेबाचं नाव काय? डोंगराचं नाव काय? किती माणसं होती? त्याचं उत्तर एकच, "मले मालूम नाही. आज्यानं सांगतलं नाही." दुसरा कुणी असता तर एव्हाना पणज्याने साहेबाला कड्यावरून पडताना वाचवला असता आणि राणीने बोलावून शाल दिली असती. तुळशीरामचा पणजा साखळी ओढून घरी आला, बस. पुढे इतकी वर्षं मी ती हकिगत पंचवीस-तीस वेळा ऐकली असेल. कधी पाहुण्यांसमोर, कधी शाळेच्या मास्तरांसमोर. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. साक्षीदार असा असावा, असं मला वाटायचं, आणि मी साक्षीदार बरेच पाहिले आहेत.

त्याच्या घरी दसऱ्याला अवजारांची पूजा असे. पाटावर पंक्चरचे पाने, टायर काढायच्या पहारी, पंप, विळा, कुऱ्हाड आणि त्यांच्या शेजारी कोंडूजींचा ओळंबा, साखळी, चपरास. सगळ्यांना एकच हळद-कुंकू, एकच झेंडू. मी सोनं द्यायला दरवर्षी जायचो. माझं तिथलं खरं आकर्षण तुळशीरामच्या बायकोच्या, शांतावहिनींच्या हातच्या पुरणपोळ्या होत्या, हे लपवत नाही. वहिनी आदल्या दिवशी अंगणात बसून पितळ घासायच्या. चिंच भिजवून तिचा कोळ, चुलीतली चाळलेली राख आणि नारळाची शेंडी. आधी चिंच चोळायची, मग राखेने घासायचं, मग पुन्हा चिंच. लग्न होऊन आल्या त्याच वर्षी सासूने ते काम त्यांच्या हाती दिलं होतं. सासूला तिच्या सासूने दिलं होतं. चपरास तर अशी लखलखायची की तिच्यात बघून भांग पाडावा. तुळशीराम ती पाहुण्यांच्या हातावर ठेवून म्हणायचा, "पाहा, आमच्या घरच्याइच्या हाताचं काम. सोनारानं पाह्यलं तरी फसते." वहिनी पदर तोंडाला लावून आत जायच्या. हे कौतुक मीही केलं. दरवर्षी केलं.

आता माझ्या चुकीबद्दल. पहिल्या वर्षी मी ती चपरास हातात घेतली तेव्हा तिच्यावर अक्षरं होती. कोरलेली, इंग्रजी. झिजलेली होती, पण तिरपी धरली की सावली पडायची, आणि बोट फिरवलं की खरखर लागायची. वरच्या ओळीत खात्याचं काहीतरी, खाली एक आकडा. तुळशीराम म्हणाला, "हा आमच्या पनज्याचा लंबर. मी लहान होतो तवा आजा माहं बोट धरून त्याच्यावरून फिरवे. आता काही नीट वाचता येत नाही." माझ्या पिशवीत त्या दिवशी पेन्सिल होती, कागद होता. कागद वर धरून पेन्सिल आडवी घासली असती तर आकडा कागदावर उठला असता. दोन मिनिटांचं काम. लोकांच्या वावरातला बाभळीचा खुंटसुद्धा ज्याने टिपणात उतरवला, त्या माणसाने तो आकडा लिहून घेतला नाही. पुढच्या दसऱ्याला घेऊ म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. आणि दरवर्षी चिंच आणि राख त्या आकड्यावरून फिरत राहिली आणि मी पुरणपोळी खात राहिलो. याचं मला आजही वाईट वाटतं. ते कुठल्या नियमात बसवून हलकं करता येत नाही.

पाचेक वर्षांपूर्वी एक संशोधक बाई किन्हीराजाला आल्या. त्या जुन्या शोधमोहिमांवर प्रदर्शन भरवत होत्या. अशा मोहिमांत साहेबांची नावं राहिली, ओझी वाहणारांची गेली, तर ती शोधून लावायची, असा त्यांचा विचार होता. शाळेच्या मास्तरांकडून त्यांना पेटीबद्दल कळलं. तुळशीरामने मला मुद्दाम बोलावून घेतलं. नवा शर्ट घातला होता, दाढी केली होती, दुकान बंद ठेवलं होतं. पोळ्यालासुद्धा अर्धा दिवस उघडं ठेवणारा माणूस! बाई चांगल्या होत्या. घोंगडीवर मांडी घालून बसल्या, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तुळशीरामला बोलू दिलं. त्याने नेहमीची हकिगत नेहमीच्या शब्दांत सांगितली. लहानपणी आजा बोट धरून आकड्यावर फिरवायचा, तेही सांगितलं. मग बाईंनी फाइलमधून एका फोटोची मोठी प्रत काढली. बर्फाच्या डोंगरापुढे खुर्चीवर साहेब, त्याच्या पायाशी कुत्रा, आणि मागे दोन रांगांत अकरा माणसं. जाड कपड्यांत गुंडाळलेली, डोळे मिचकावणारी. प्रत्येकाच्या छातीवर चपरास.

"मूळ फोटोत भिंगातून हे आकडे वाचता येतात," बाई म्हणाल्या. "सगळे मी लिहून आणलेत. तुमच्या चपराशीवरचा आकडा सांगा, मी तुम्हाला तुमचे पणजोबा दाखवते."

तुळशीरामने तोवर कोंडूजींचा चेहरा पाहिला नव्हता. त्याच्या बापाने पाहिला नव्हता. त्याने फोटोवरून नजर काढली नाही आणि न बघताच चपरास उचलून बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती उजेडाकडे धरली, तिरपी केली, बोट फिरवलं. आरशासारखी गुळगुळीत होती. त्यांनी मला दिली, मी पाहिली. काही नव्हतं. मी ती पिशवीतल्या भिंगाखाली धरली, तरी काही नव्हतं... शेवटचा ठिपकादेखील गेला होता.

बाई म्हणाल्या, "हरकत नाही. आकडा नसला तरी हकिगत पक्की असेल तर आम्ही फोटोखाली लिहू शकतो, यांपैकी एक कोंडूजी इंगोले, किन्हीराजा. फक्त मला सांगा, अक्षरं कशाने गेली? कुणी घासलं का हे?"

त्याच वेळी शांतावहिनी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. तुळशीरामने फोटोवरून मान वर केली, दाराकडे पाहिलं आणि म्हणाला, "नदीत पडली होती मॅडम. पहाडातल्या नदीत. वाळूनं घासून गेली. पनजा घरी आला तवाच सपाट होती."

मी त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. इतक्या वर्षांत त्या पेटीबद्दल मी ऐकलेलं ते पहिलं खोटं. बाईंनी पेन थांबवलं. अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "पण मघाशी तुम्ही म्हणालात, लहानपणी बोटाला आकडा लागायचा." तुळशीराम खाली पाहत म्हणाला, "तसं नाही... मी ऐकलं असन. नदीचंच खरं." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ती अक्षरं डोळ्यांनी पाहिली होती. एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. पण मीही वहिनींकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या ट्रेकडे पाहिलं आणि चहाचा कप उचलला. बाईंनी चहा घेतला, फोटोची एक प्रत तुळशीरामला दिली, आभार मानले आणि गेल्या. हकिगत पक्की राहिली नव्हती. अशी हकिगत मीसुद्धा टिपणात घेतली नसती.

त्यांची गाडी गेल्यावर आम्ही दोघं बसथांब्यापर्यंत चालत आलो. मी म्हणालो, "तुळशीराम, काहून खोटं बोलला? नाव लागत होतं."

तो थांब्याच्या ओट्यावर बसला. मग म्हणाला, "साहेब, तिनं चाळीस वर्सं घासलं. मनापासून घासलं. बोटं फुटत चिंचेनं, तरी घासे. अन् मीच चारचौघांत वाखाने तिले. आता तिच्या तोंडावर म्हनू का, का बाई, तू आमच्या पनज्याचं नाव पुसलं?"

"एकट्या त्यांनी नाही पुसलं. तुझ्या आईने घासलं, आजीने घासलं."

"त्या मेल्या. हे जित्ती हाये," तो म्हणाला. "कोंडूजीले आता फोटोखाली नाव असलं काय अन् नसलं काय. हिचं तसं नाही. हे रातदिन तेच घेऊन बसंन."

मी म्हटलं, नंतर फोन करून खरं सांगू, वहिनींना कळणार नाही. त्यावर तो हसला. "कागदावर आलं का घरी येतेच, साहेब. तुमीच त म्हनता." मग बस आली.

प्रदर्शन नागपूरला भरलं तेव्हा आम्ही दोघं पाहायला गेलो. त्याने हट्टच धरला. वातानुकूलित दालन होतं, तुळशीरामने बाहेरच चपला काढल्या, शिपायाने त्या पुन्हा घालायला लावल्या. काचेच्या पेट्यांत साहेबाच्या वस्तू होत्या. कंगवा, दाढीचा ब्रश, चहाची किटली, कुत्र्याचा पट्टा. प्रत्येकीसमोर मराठीत आणि इंग्रजीत पाटी. तुळशीरामने सगळ्या पाट्या सावकाश, ओठ हलवत वाचल्या. "साहेबाच्या कंगव्याले बी नाव हाये, कुत्र्याले बी हाये," तो म्हणाला. रागाने नाही, माहिती म्हणून. भिंतीवर तो फोटो होता. खाली लिहिलं होतं, साहेब आणि त्यांचे अकरा मजूर. त्याने फोटोतल्या एकेका माणसाकडे पाहत बोटाने हवेत मोजलं. "अकरा. बरोबर हायेत," म्हणाला. एकापाशी त्याचं बोट जरा जास्त वेळ थांबलं. दुसऱ्या रांगेत डावीकडचा, उंच, एका पायावर भार दिलेला. मी विचारलं, "हा वाटतो का?" तुळशीराम म्हणाला, "मले मालूम नाही." आणि अकराच्या अकरा जणांना मिळून एक नमस्कार केला. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी झोपला. मालेगाव आल्यावर उठला आणि थेट दुकान उघडून बसला.

त्यानंतर त्याने नदीची गोष्ट कुणालाच पुन्हा सांगितली नाही. किंबहुना पेटीबद्दल बोलणंच कमी केलं. कुणी विचारलं तर "हाये काही जुनंपुरानं" म्हणून दुसरा विषय काढायचा. मला वाटतं, खोटं एकदा शिरल्यावर हकिगत त्याला आपली राहिली नव्हती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वहिनी अंगणात चिंच-राख घेऊन बसायच्याच. तुळशीराम त्या वेळी काहीतरी काम काढून बाहेर जायचा. परत आल्यावर चपरास हातात घेऊन म्हणायचा, "वा! सोनारानं पाह्यलं तरी फसते." त्याच शब्दांत, त्याच आवाजात. वहिनी पदर तोंडाला लावून आत जायच्या. मी ते बघायचो आणि मनात म्हणायचो, बिचारीला काही माहीत नाही. तेवढं एक बरं.

तेरवीला मी किन्हीराजाला गेलो. उन्हं चांगलीच होती. मांडवात पंगती बसल्या होत्या. आसेगावची मुलगी, जावई वाढत होते. जेवणं झाल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. स्वयंपाकघरात भिंतीला लागून झाकणाचे स्टीलचे डबे रचून ठेवले होते. गेलेल्या माणसाच्या नावाने तेरवीला आप्तेष्टांना भांडं द्यायची आपल्याकडे पद्धत आहे, त्यात नवल नव्हतं. वहिनींनी एक डबा उचलून मला दिला. भांड्यांच्या दुकानात नाव घालायचं विजेवरचं मशीन असतं, त्याने घातलेली अक्षरं होती. मी चष्मा लावून वाचलं. वर मोठ्या अक्षरांत होतं, कोंडूजी इंगोले, किन्हीराजा, हिमालय मोजणी. त्याखाली बारीक अक्षरांत, तुळशीराम यांच्या स्मरणार्थ.

मी म्हणालो, "वहिनी, हे कोंडूजींचं..."

"त्या फोटोखाली लागनार होतं ना," वहिनी म्हणाल्या. "माह्यापायी राह्यलं."

मी डबा खाली ठेवला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगाले कायले पाह्यजे? त्यायनं नदी काढली तवाच समजलं मले. या मानसानं त्या पेटीबद्दल जलमात एक शब्द वरचा सांगतला नाही, भाऊजी. लोकं म्हनत, थोडं तिखटमीठ लावून सांगत जा, तरी नाही. मी ट्रे घेऊन उभी. म्हटलं, हे नदी कुठून आनली यायनं? मंग ते माह्याकडे पाहून राह्यले होते ते ध्यानात आलं... अन् मंग माह्याच हाताकडे नजर गेली."

"पण मग बोलल्या का नाहीत?"

"काय बोलू? माह्यासाठी त्यायनं एवढं खोटं बोललं. मले समजलं म्हटलं असतं, त त्यायचं खोटं वाया गेलं असतं."

मी विचारलं, "पण त्यानंतरही तुम्ही दरवर्षी घासत होतात..."

"घासनारच ना," वहिनी म्हणाल्या. "थांबली असती, त त्यायले समजलं असतं."

असं म्हणून त्या रडल्या, तेरा दिवसांत पहिल्यांदा, असं त्यांच्या मुलीने मला नंतर सांगितलं. मी तिथेच, भांड्यांच्या गराड्यात खाली बसलो. पस्तीस वर्षं मी जमिनी मोजल्या. कुणाचं किती ते दुसऱ्यापेक्षा मला बरं कळतं, असा माझा समज होता. त्या घरात मी वर्षानुवर्षं जेवलो आणि तिथे दोन माणसं काय सांभाळत होती ते मला दिसलं नाही. माझेही डोळे भरून आले. शब्दकोडं सोडवणाऱ्या माणसाचं ते काही खरं नसतं, पण आले.

थोड्या वेळाने वहिनींनी डोळे पुसले आणि सरळ कामाचं बोलल्या. "त्या बाईले लिवा आता. मीच घासलं म्हना, चिंच-राखेनं. माही सही घ्या. पेपरात बी लिवा. आता कोनापासून लपवाचं हाये?" त्याच दिवशी त्यांच्या ओट्यावर बसून मी तसं पत्र लिहिलं, त्यांनी खाली सही केली. अजून उत्तर आलेलं नाही. मग मी विचारलं, हे डब्यांवर नाव घालायचं कुणाच्या मनात आलं? वहिनी म्हणाल्या, त्यांच्याच. मालेगावला भांड्यांच्या दुकानात त्या स्वतः गेल्या होत्या. शेठजी म्हणाले, बाई, गेले ते तुळशीराम, मग हे कोंडूजी कोण? वहिनींनी दुकानात उभ्या उभ्या त्यांना सगळी हकिगत सांगितली. साखळी, बर्फ, पायाची दोन बोटं. जेवढी होती तेवढीच. शेठजींनी ऐकून घेतलं आणि मशीन हातात घेतलं. तेव्हा वहिनी त्यांना म्हणाल्या, "खोल घाला, शेठ. बायका घासतात."

आमच्या घरी त्या डब्यात आता साखर असते. सुनेने पहिल्याच दिवशी विचारलं, बाबा, हे कोंडूजी कोण? मी सांगितलं. किन्हीराजात, मालेगावात, आसेगावात, जिथे जिथे ते डबे गेले तिथल्या स्वयंपाकघरांत असंच कुणीतरी विचारलं असेल आणि कुणीतरी सांगितलं असेल. परवा साखर संपली म्हणून तिने डबा तारेच्या घासणीने खसाखसा घासला आणि ओट्यावर पालथा घातला. मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो, तो उचलला आणि खिडकीशी नेऊन तिरपा धरला. नाव जागच्या जागी होतं.